कोण कुठे आहे? इटालियनचा पहिला धडा, मराठीच्या वाटेने



कुठलीही नवी भाषा शिकायला घेतली की नाव-गाव सांगून झाल्यावर लगेच लागणारा प्रश्न म्हणजे "कुठे आहे?" आई कुठे आहे, बाबा कुठे आहेत, तू कुठे आहेस. दिवसभरात आपण हे किती वेळा विचारतो ते मोजून बघा. म्हणूनच इटालियनच्या प्रत्येक प्राथमिक पुस्तकात हा पाठ सुरुवातीलाच असतो. आणि नेमका इथेच मुलांचा गोंधळ सुरू होतो.

आपल्या देवपुरातली, धुळ्या-जळगावकडची मुलं आता पुढच्या शिक्षणासाठी परदेशाचा विचार करतात. इटलीतल्या काही विद्यापीठांत इंग्रजीतून शिकता येतं, हे खरं. पण वर्गाबाहेरचं जग इटालियनच बोलतं. घरमालकीण, बसचालक, दवाखान्यातली परिचारिका, सगळ्यांशी गाठ त्याच भाषेत. म्हणून बरेच जण इथूनच थोडं शिकून घेतात. शिकायचं साधन मात्र बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तक किंवा मोबाइलवरचं इंग्रजी ॲप असतं. मूल मराठीतून इंग्रजीत जातं, इंग्रजीतून इटालियनमध्ये, आणि वाटेत चुकतं.

या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. "कोण कुठे आहे" हे इटालियनमध्ये सांगायला इंग्रजीमार्गे जाऊ नका, सरळ मराठीमार्गे जा. या बाबतीत आपली भाषा इटालियनच्या जास्त जवळ आहे. कशी, ते टप्प्याटप्प्याने बघू.

उच्चाराबद्दल दोन शब्द

इथे सगळी इटालियन वाक्यं देवनागरीत दिली आहेत. इटालियन त आणि द हे आपल्या त, द सारखे दाताला जीभ लावून म्हणायचे. ट, ड नाही. जोडाक्षर दिसलं तर तिथे थांबून जोर द्यायचा. 'नोन्ना' म्हणजे आजी, आणि 'नोना' म्हणजे नववी. आपल्या मुलांना 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक कानाने कळतो, त्यामुळे हे अवघड जात नाही. 'त्सीआ' (मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांना एकच शब्द!) यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. आणि 'चे' असं लिहिलं असेल तिथे 'चेहरा'मधला च.

एक सूचना मुलांना आधीच देऊन ठेवा. 'माम्मा' म्हणजे आई, आपला मामा नव्हे. मामाला 'त्सीओ' म्हणायचं, आणि काकालाही त्सीओच.

पायरी १ : 'आहे'ची रूपं

मी आहे – सोनो
तू आहेस – सेई
तो / ती आहे – ए
आम्ही / आपण आहोत – स्यामो
तुम्ही आहात – स्येते
ते / त्या आहेत – सोनो

मराठीत "घरी आहेस का?" एवढं म्हटलं तरी 'तू' कळतो, कारण क्रियापदच ते सांगतं. इटालियनमध्येही तसंच. 'सोनो आ काझा' म्हणजे '(मी) घरी आहे'. 'मी'साठी वेगळा शब्द लावायची गरज नाही. इंग्रजीमार्गे आलेलं मूल प्रत्येक वाक्यात 'मी, मी' घालत बसतं. मराठीतून आलेल्याला ते सांगावंही लागत नाही.

'सोनो' दोनदा आला आहे, 'मी'साठी आणि 'ते'साठी. घाबरायचं कारण नाही. आपल्याकडेही 'मी आहे' आणि 'तो आहे' यांत 'आहे' एकच असतो. संदर्भाने कळतं.

'ए' लिहिताना रोमन अक्षरावर डावीकडून उजवीकडे उतरणारी छोटी रेघ देतात. ती रेघ नसेल तर त्याच अक्षराचा अर्थ 'आणि' असा होतो. वहीत ही रेघ विसरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, तेव्हा पहिल्या दिवसापासून तपासा.

पायरी २ : एकच 'दोवे'

कुठे – दोवे
कुठे आहे? – दोव-ए? (जोर शेवटच्या 'ए'वर)
कुठे आहेस? – दोवे सेई?
कुठे चाललास? – दोवे वाई?

शेवटची ओळ बघा. 'कुठे आहेस' आणि 'कुठे चाललास' या दोन्हींत मराठीत 'कुठे' एकच, इटालियनमध्ये 'दोवे' एकच.

आता उत्तरांकडे या. मराठीत:

मी घरी आहे. / मी घरी जातो.
मी शाळेत आहे. / मी शाळेत जातो.
मी डॉक्टरांकडे आहे. / मी डॉक्टरांकडे जातो.

असणं असो की जाणं असो, 'घरी', 'शाळेत', 'डॉक्टरांकडे' बदलत नाहीत. इटालियनमध्ये:

सोनो आ काझा. / वादो आ काझा.
सोनो आ स्क्वोला. / वादो आ स्क्वोला.
सोनो दाल मेदिको. / वादो दाल मेदिको.

तिथेही तसूभर फरक पडत नाही. ('वादो' म्हणजे 'जातो' किंवा 'जाते'.) इंग्रजीत मात्र असण्याला 'ॲट' किंवा 'इन', जाण्याला 'टू', अशी विभागणी करावी लागते. इंग्रजी पुस्तकातून शिकणारा विद्यार्थी इटालियनमध्ये 'टू'ला कोणता शब्द आणि 'ॲट'ला कोणता, हे शोधत बसतो. जो फरक त्या भाषेत नाहीच, तो शोधण्यात आठवडा जातो. मराठी मुलाला "घरी आहे, घरी जातो, तसंच हे" एवढं सांगितलं की पुरे.

पायरी ३ : 'त' एक नाही, म्हणून 'इन'ही एक नाही

आपण मराठीत 'कुठे'चं उत्तर देताना किती प्रत्यय वापरतो, ते फळ्यावर लिहून काढा. घरी, शाळेत, धुळ्याला, मावशीकडे, स्टँडवर. जागा कशा प्रकारची आहे त्याप्रमाणे प्रत्यय ठरतो. 'मावशीत आहे' असं कुणी म्हणत नाही. इटालियनचंही हेच तत्त्व. फरक इतकाच की आपलं शेपूट शब्दामागे लागतं, त्यांचं शब्दाच्या पुढे येतं. मुलांना चार घरं करून द्या.

*पहिलं घर : गाव किंवा शहर असेल तर 'आ'*

सोनो आ रोमा – मी रोमला आहे
सेई आ मिलानो? – तू मिलानला आहेस का?
स्यामो आ धुळे – आम्ही धुळ्याला आहोत

वस्ती, पेठ यांनाही 'आ'च. म्हणून 'आ देवपूर'. गावाचं नाव 'अ'ने सुरू होत असेल तर मध्ये 'द' येतो: 'आद अमळनेर'. तोंडाला दोन स्वर एकामागोमाग म्हणणं जड जातं, म्हणून ही सोय.

इंग्रजीतून आलेला विद्यार्थी हमखास 'इन रोमा' म्हणतो, कारण इंग्रजीत 'इन रोम' असतं. ही चूक सवयीची होण्याआधी तोडा. गावाला 'आ', हे पाढ्यासारखं पाठ हवं.

*दुसरं घर : देश, प्रांत, खंड असेल तर 'इन'*

इन इतालिया – इटलीत
इन इंदिया – भारतात
इन तोस्काना – तोस्काना प्रांतात
इन एउरोपा – युरोपात

मोठी बेटं याच घरात: 'इन सिचिल्या', 'इन सार्देन्या'. छोटी बेटं मात्र गावासारखी: 'आ काप्री', 'आ माल्ता'. आपल्या राज्याचं नाव घालायचं असेल तर 'नेल्लो स्तातो देल महाराष्ट्र', म्हणजे 'महाराष्ट्र राज्यात', असं पूर्ण म्हणणं सगळ्यात सोपं.

रस्त्यालाही 'इन': 'इन विआ गारिबाल्दी', म्हणजे गारिबाल्दी रस्त्यावर. आपण 'रस्त्यावर' म्हणतो, ते 'रस्त्यात' म्हणतात. एवढं वेगळं लक्षात ठेवायचं.

*तिसरं घर : माणूस असेल तर 'दा'*

हे घर मराठी मुलांचं सगळ्यात आवडतं, कारण हा सरळ आपला 'कडे' आहे.

दा मारिया – मारियाकडे
दाल्ला नोन्ना – आजीकडे
दाल्लो त्सीओ – मामाकडे, काकांकडे
दाल मेदिको – डॉक्टरांकडे
दा मे – माझ्याकडे

इंग्रजीतून हे समजावताना शिक्षकाला दोन-तीन वाक्यं खर्ची घालावी लागतात. मराठीत एक शब्द पुरतो: कडे. 'मारियाच्या घरी' असं स्पष्ट म्हणायचं असेल तर 'आ काझा दि मारिया'. दोन्ही चालतं, आपल्याकडे चालतं तसंच.

एक सावधगिरी. 'दा'चा दुसरा अर्थ 'हून' किंवा 'कडून' असाही आहे. 'वेंगो दा रोमा' म्हणजे 'मी रोमहून येतो'. क्रियापद 'आहे' किंवा 'जातो' असेल आणि पुढे माणूस असेल तर 'कडे'. क्रियापद 'येतो' असेल आणि पुढे जागा असेल तर 'हून'. क्रियापदाकडे बघायची सवय लावली की घोळ होत नाही.

*चौथं घर : रोजच्या जागा*

इथे नियम कमी आणि सवय जास्त. जागेचा शब्द एकटा पाठ करू नका. पुढच्या शब्दासकट जोडीने पाठ करा.

'आ' घेणारे: आ काझा (घरी), आ स्क्वोला (शाळेत), आ लेत्तो (अंथरुणात), आ तावोला (जेवायला, आपण 'पानावर' म्हणतो तसं).

'इन' घेणारे: इन कुचीना (स्वयंपाकघरात), इन जार्दीनो (बागेत), इन उफ्फीचो (ऑफिसात), इन बांका (बँकेत), इन बिब्ल्योतेका (ग्रंथालयात), इन ओस्पेदाले (दवाखान्यात), इन फार्माचीआ (औषधाच्या दुकानात), इन त्रेनो (रेल्वेत), इन आउतोबुस (बसमध्ये).

'आल / आल्ला' घेणारे: आल मेर्कातो (बाजारात), आल चीनेमा (सिनेमाला), आल लावोरो (कामावर), आल तेलेफोनो (फोनवर), आल्ला फेर्माता (बसथांब्यावर).

मुलं विचारतील, "सर, शाळेला 'आ' आणि बँकेला 'इन' का?" प्रामाणिक उत्तर असं की, आपण तरी 'सिनेमाला' आणि 'नाटकाला' जातो, पण 'बाजारात' जातो, त्याचं काय कारण सांगणार? वापराने ठरलं आणि कानाला पटलं, इतकंच.

पायरी ४ : सांधा

'आल', 'दाल्ला', 'नेल' हे नवे शब्द नाहीत, जोड आहेत. इटालियनमध्ये बहुतेक नामांआधी एक छोटा शब्द असतो: पुल्लिंगी नामाला 'इल', स्त्रीलिंगी नामाला 'ला', आणि काही अक्षरांपूर्वी 'लो'. त्याची आधीच्या शब्दाशी गाठ पडली की दोघं एकजीव होतात.

आ + इल = आल, आ + ला = आल्ला
इन + इल = नेल, इन + ला = नेल्ला
दा + इल = दाल, दा + ला = दाल्ला
सू + इल = सुल, सू + ला = सुल्ला

('सू' म्हणजे 'वर'. 'सुल तावोलो' – टेबलावर, 'सुल्ला सेद्या' – खुर्चीवर, 'नेल्ला बोर्सा' – पिशवीत.)

मराठीतही प्रत्यय लागताना सांध्यात बदल होतोच. 'शाळा' आणि 'त' मिळून 'शाळात' होत नाही, 'शाळेत' होतं. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. आपला बदल नामात होतो, त्यांचा बदल नामाआधीच्या शब्दात होतो. सामान्यरूपाचा तास आठवून द्या, मुलांना हा तक्ता परका वाटणार नाही.

जागा ठरावीक असेल, तिला काही विशेषण किंवा ओळख जोडली असेल, तर हा जोड लागतोच. 'इन बिब्ल्योतेका' म्हणजे ग्रंथालयात, कुठल्याही. 'नेल्ला बिब्ल्योतेका दि धुळे' म्हणजे धुळ्याच्या ग्रंथालयात.

'घरी' आणि 'घरात'

हा फरक वर्गात जरूर करून घ्या.

आई घरी आहे. मांजर घरात आहे.

दोन्ही वाक्यांत घर तेच, पण अर्थ वेगळा. 'घरी' म्हणजे बाहेरगावी, कामावर नाही, आपल्या ठिकाणी आहे. 'घरात' म्हणजे अंगणात नाही, भिंतींच्या आत आहे. इटालियनमध्ये हुबेहूब हीच जोडी आहे: 'आ काझा' म्हणजे घरी, 'इन काझा' म्हणजे घरात. 'ला माम्मा ए आ काझा', 'इल गात्तो ए इन काझा'.

व्याकरणाच्या शिक्षकांसाठी थोडं अधिक. आपण सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे शिकवतो. यातला 'ई' आज मोजक्याच शब्दांत जिवंत आहे: घरी, दारी, गावी. इटालियनची आई लॅटिन. तिच्यातही 'घरी' याला 'दोमी' आणि 'रोममध्ये' याला 'रोमाए' अशी शेवट बदलणारी रूपं होती. इटालियनने ती सोडली आणि ते काम 'आ', 'इन' या शब्दांवर सोपवलं. मराठीने जुने शेवट बरेचसे सोडले आणि 'कडे', 'मध्ये', 'वर' हे शब्द मागे जोडले. दोघींची अडचण एक होती, वाटा वेगळ्या निघाल्या.

'आहे का?' आणि 'कुठे आहे?'

दार वाजवून आपण विचारतो, "काका आहेत का?" इथे 'कुठे' नाही, फक्त असणं विचारलं आहे. याला इटालियनमध्ये 'चे' येतं.

चे लो त्सीओ? – काका आहेत का?
सी, चे. – हो, आहेत.
नो, नोन चे. – नाही, नाहीत.
दोव-ए? – कुठे आहेत?
ए आल मेर्कातो. – बाजारात आहेत.

'चे' म्हणजे 'आहे, हजर आहे'. 'ए' म्हणजे 'अमुक ठिकाणी आहे'. दोन मुलांना दाराच्या आत-बाहेर उभं करून हा संवाद चार वेळा म्हणून घ्या, फळ्यावर समजावण्याची गरज उरत नाही.

मराठी कुठे दगा देते?

आपली वाट बरी असली तरी तीन ठिकाणी ठेच लागते. ती आधीच दाखवून द्या.

*एक, आदरार्थी 'आहेत'.* आपण "आजोबा घरी आहेत" म्हणतो. आजोबा एकच, पण क्रियापद अनेकवचनी, कारण मान. चांगल्या वळणाचं मूल हाच मान इटालियनमध्ये नेतं आणि 'इल नोन्नो सोनो आ काझा' म्हणतं. ते चूक. एका माणसाला एकवचनच: 'इल नोन्नो ए आ काझा'. मूल उद्धट झालेलं नाही, हे त्याला आणि त्याच्या आजोबांनाही समजावून सांगा. अनोळखी मोठ्या माणसाशी थेट बोलताना आदर दाखवायचा असेल तर इटालियन माणूस 'तू'चं रूप टाळून 'ती'चं रूप वापरतो. म्हणून 'आपण कुठे आहात?' हे 'दोव-ए?' असंच होतं.

*दोन, 'वर'.* आपण स्टेशनवर, स्टँडवर, कामावर, फोनवर असतो. तिथे 'सू' लावून चालत नाही. 'सुल्ला स्तात्स्योने' म्हटलं तर ऐकणाऱ्याला तुम्ही स्टेशनच्या छपरावर चढलात असं वाटेल. 'आल्ला स्तात्स्योने' किंवा 'इन स्तात्स्योने' म्हणायचं. 'सू' टेबल, खुर्ची, भिंत यांच्यासाठी, आणि नदीकाठच्या गावासाठी: 'रोमा ए सुल तेवेरे', म्हणजे रोम टायबर नदीकाठी आहे.

*तीन, क्रम.* मराठीत 'आहे' शेवटी, तिथे मधे. 'आई – घरी – आहे' याचं 'ला माम्मा – ए – आ काझा'. तीन पुठ्ठ्यांच्या पट्ट्या करून मुलांकडून जागा बदलून घ्या.

देवपूरचा नकाशा, इटालियन वाक्यं

पुस्तकातल्या मिलान-रोमच्या नकाशापेक्षा आपल्या गावाचा नकाशा घ्या. मुलांना रस्ते माहीत असतात, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. फळ्यावर पांझरा काढा, एका बाजूला देवपूर, दुसऱ्या बाजूला जुनं धुळे. मग ही वाक्यं:

देवपूर ए आ धुळे. – देवपूर धुळ्यात आहे.
धुळे ए सुल फ्यूमे पांझरा. – धुळे पांझरा नदीकाठी आहे.
इल तेंप्यो दि एकवीरा ए आ देवपूर, विचीनो आल फ्यूमे. – एकवीरेचं मंदिर देवपुरात, नदीजवळ आहे.
ला त्सीआ ए आल दि ला देल फ्यूमे. – मावशी नदीपलीकडे आहे.
इल पापा ए नेई काम्पी. – बाबा शेतात आहेत.
लो त्सीओ ए आद अमळनेर. – मामा अमळनेरला आहे.

'विचीनो आ' म्हणजे जवळ. असेच काही शब्द: 'दावांती आ' (समोर), 'दिएत्रो' (मागे), 'सोत्तो' (खाली), 'आक्कांतो आ' (शेजारी), 'लोंतानो दा' (पासून लांब). शेवटचा शब्द बघा. आपल्या 'पासून'साठी त्यांनी 'दा' वापरला आहे, तो मघाचाच 'हून'वाला 'दा'.

इथे आपल्या भागातल्या शिक्षकांना एक विनंती. नकाशासमोर उभं राहून एखादं मूल "माय घरमा शे" म्हणालं, तर त्याला मध्येच थांबवून "घरी आहे म्हण" असं करू नका. तेही वाक्य फळ्यावर येऊ द्या: अहिराणी 'घरमा शे', मराठी 'घरी आहे', इटालियन 'ए आ काझा'. ज्या मुलाला घरी 'मा' आणि शाळेत 'त' असे दोन प्रत्यय सांभाळायची सवय आहे, त्याला तिसरी भाषा तिसरा शब्द मागते याचं आश्चर्य वाटत नाही. घरची बोली त्याची अडचण नाही, तो आधीच केलेला सराव आहे. त्या वाक्याला फळ्यावर जागा मिळाली की मूल पुढच्या वाक्यासाठीही हात वर करतं.

हे नीट का यायला हवं?

परदेशात मूल एकटं असताना दुखलं-खुपलं, अपघात झाला, तर इटलीत ११२ क्रमांक लावायचा. आपल्याकडेही आपत्कालीन मदतीला ११२च आहे, त्यामुळे आकडा लक्षात ठेवणं सोपं. मदत पाठवायची तर पलीकडच्या माणसाला आधी ठिकाण कळायला हवं.

दोवे सी त्रोवा? – आपण कुठे आहात?
मी त्रोवो आ मिलानो, इन विआ गारिबाल्दी, आल नूमेरो दोदिची, विचीनो आल्ला स्तात्स्योने. – मी मिलानमध्ये, गारिबाल्दी रस्त्यावर, बारा नंबरला, स्टेशनजवळ आहे.

'त्रोवार्सी' हे क्रियापद 'असणे' याच अर्थाने ठिकाण सांगायला वापरतात. 'मी त्रोवो' यातला 'मी' म्हणजे इटालियनमध्ये 'मला, स्वतःला'. आपल्या 'मी'शी जुळतो हा योगायोग, पण पाठांतराला उपयोगी.

या एका उत्तरात शहराचा 'आ', रस्त्याचा 'इन', घरनंबराचा 'आल' आणि जवळचा 'विचीनो आल्ला' सगळे आले. मूल घाबरलेलं असताना नियम आठवत नाहीत, तोंडात बसलेलं वाक्य तेवढं बाहेर पडतं. म्हणून रस्ता आणि आकडा बदलून हे वाक्य पन्नास वेळा म्हणून घ्या. गेलेल्या मुलांना आपला खरा पत्ता घालून ते मोबाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा.

वाचनासाठी छोटा उतारा

मराठी माणूस इटलीत आज पहिल्यांदा जातोय असं नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान तिथे लढले. आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. ही हकीकत मुलांना मराठीत सांगा आणि मग हे वाचून घ्या:

इल मोनुमेंतो ए आ मोंतोने. मोंतोने ए इन उंब्रिया. ल'उंब्रिया ए इन इतालिया.

(स्मारक मोंतोनेला आहे. मोंतोने उंब्रिया प्रांतात आहे. उंब्रिया इटलीत आहे.)

गावाला 'आ', प्रांताला 'इन', देशाला 'इन'. तीन वाक्यांत दोन घरं पक्की होतात, आणि ज्याचा शोध घ्यावा असं एक नावही मुलांना मिळतं.

सराव

गाळलेल्या जागी योग्य शब्द भरा. आधी मराठी वाक्य मोठ्याने म्हणा, मगच लिहा.

१. सोनो ___ नासिक. (मी नाशिकला आहे.)
२. ला नोन्ना ए ___ कुचीना. (आजी स्वयंपाकघरात आहे.)
३. इल नोन्नो ए ___ मेदिको. (आजोबा डॉक्टरांकडे आहेत.)
४. स्यामो ___ इंदिया. (आम्ही भारतात आहोत.)
५. इल लीब्रो ए ___ तावोलो. (पुस्तक टेबलावर आहे.)
६. दोवे सेई? सोनो ___ फेर्माता. (कुठे आहेस? बसथांब्यावर आहे.)
७. ला माम्मा ए ___ त्सीआ. (आई मावशीकडे आहे.)

उत्तरं: १. आ, २. इन, ३. दाल, ४. इन, ५. सुल, ६. आल्ला, ७. दाल्ला.

तिसऱ्या वाक्यात 'आहेत' असूनही 'ए' का आलं, हे मुलाकडून वदवून घ्या. ते त्याला सांगता आलं तर पाठ समजला असं समजा.

पालकांसाठी

तुम्हाला इटालियन येत नाही म्हणून मागे राहू नका. रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारा: "दोव-ए पापा?", "दोव-ए ला नोन्ना?" उत्तर बरोबर आहे की नाही ते वरच्या चार घरांत शोधता येईल. चुकलं तर रागावू नका. "आपण मराठीत काय म्हणतो? कडे म्हणतो ना? मग तिकडे काय?" असं विचारा. पुष्कळदा मूल स्वतःच दुरुस्त करतं.

मराठी पक्की असेल तर इंग्रजी, मग इटालियन, अशी शिडी आपण मनात धरून बसतो, आणि प्रत्येक पायरीवर मराठी मागे टाकायची असते असं समजतो. 'घरी', 'घरात', 'मावशीकडे' हे तीन शब्द नीट समजलेल्या मुलाला इटालियनचा हा अख्खा पाठ निम्मा आधीच येत असतो. त्याला ते येतं, एवढं फक्त त्याला दाखवून द्यायचं.